गाणं दोघांचं: वाचकांचे प्रश्न

या अंकात जोडीनं गाणं रचणाऱ्यांचे प्रश्न घेतले आहेत. कुठे एकाकडे शब्द आणि दुसऱ्याकडे चाल, तर कुठे दोघंही शब्दांतलेच. उदाहरणांच्या ओळी आम्हीच बांधल्या आहेत. सरावाला खुशाल घ्या.

प्रश्न: मी कविता लिहिते, माझा मित्र पेटी वाजवतो. आधी शब्द करावेत की आधी चाल? (सांगली)

दोन्ही रीती चालतात, पण एका गाण्यात एकच धरा. भावगीतात बहुधा शब्द आधी येतात. गदिमा आणि बाबूजींचं गीतरामायण असंच घडलं: 1955 च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक गाणं, एकूण 56 गाणी, आणि शब्द हाती आल्यावर चाल. सिनेमात बऱ्याचदा उलटं होतं.

शब्द आधी असतील तर तुमच्यावर एक बंधन येतं. पहिल्या अंतऱ्यात, म्हणजे कडव्यात, जितक्या मात्रांच्या (मात्रा म्हणजे उच्चाराच्या वेळेचं माप) ओळी, तितक्याच दुसऱ्यात हव्यात, आणि यती, म्हणजे ओळीतला थांबा, त्याच जागी हवा. दुसऱ्या अंतऱ्यातली एखादी ओळ 16 ऐवजी 14 मात्रांची निघाली तर संगीतकार दोन मात्रा कुठेतरी ताणतो, आणि तो ताण नेमका ‘आणि’, ‘पण’ अशा शब्दांवर पडतो. कागदावर ही चूक दिसत नाही. हातानं ताल धरून दोन्ही अंतरे लागोपाठ म्हटले की लगेच कळते.

प्रश्न: संगीतकार मैत्रीण फोनवर ‘ला ला ला’ करून चाल पाठवते. मी मात्रा मोजून लिहितो, तरी ती म्हणते, ‘बसत नाही.’ मोजणीत चूक नसते. मग चुकतं कुठे? (नाशिक)

एकूण मात्रा जुळल्या म्हणजे शब्द बसले असं होत नाही. त्या कुठे विभागल्या जातात, त्यावर सगळं ठरतं.

‘दिवा लावला’ घ्या. ऱ्हस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन: दि 1, वा 2, ला 2, व 1, ला 2. बेरीज 8. केरवा तालही 8 मात्रांचा, म्हणजे बसायला हवं. पण केरवा 4-4 असा चालतो. पहिल्या तीन मात्रा ‘दिवा’नं घेतल्या, चौथीवर ‘ला’ सुरू झाला आणि पाचवीचा ठोका त्या ‘ला’च्या पोटात पडला. गाणारी सवयीनं पहिल्या चार मात्रांत ‘दिवाला’ म्हणून टाकते आणि पाचवीपासून ‘वला’ उचलते. अर्थ गेला.

हेच शब्द दादऱ्यात घाला. दादरा 6 मात्रांचा, 3-3 असा. ‘दिवा’ तीन मात्रांत, ‘लाव’ पुढच्या तीनांत, आणि पुढच्या आवर्तनाच्या (तालाच्या फेरीच्या) समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, लांब ‘ला’. अक्षरही न बदलता शब्द आपसूक बसले.

चाल केरव्यातच हवी असेल तर ‘दारी दिवला’ लिहा: दा-री चार, दि-व-ला चार. पूर्ण ओळ ‘दारी दिवला डोळां पाणी’ केली तर 16 मात्रा चार-चारच्या गटांत पडतात आणि एकही शब्द तुटत नाही.

म्हणून ‘ला ला ला’वर लिहू नका. मैत्रिणीला सांगा, छोटा स्वर असेल तिथे ‘ल’ आणि लांब असेल तिथे ‘गा’ म्हणून पाठव. गझल लिहिणारे याला लगावली म्हणतात. ‘दिवा लावला’ म्हणजे लगा गालगा. ‘दारी दिवला’ म्हणजे गागा ललगा. शिवाय ताल कोणता आणि सम कुठल्या अक्षरावर, हे तिनं तोंडी सांगावं. रेकॉर्डिंगमध्ये चाल समेवरून उठते की आधीच्या दोन मात्रांवरून, हे नुसतं ऐकून ओळखताना भलेभले चुकतात. फोनवर तबल्याचं ॲप लावून त्यावर गायलं तर हा घोळच मिटतो.

आणखी एक. संगीतकार चाल बांधताना तोंडाला येतील ते इंग्रजी किंवा हिंदी शब्द घालतात आणि दहा वेळा ऐकल्यावर दोघांनाही तेच बरे वाटू लागतात. त्यांचा मोह लवकर सोडा. इंग्रजी शब्द बहुतेक व्यंजनावर बंद होतात. मराठीत लांब स्वरासाठी शेवटी ‘आ, ए, ओ’ मिळतात. ही आपल्या भाषेची श्रीमंती आहे, ती वाया घालवू नका.

प्रश्न: गायिका म्हणते, वरच्या स्वरावरचा शब्द ‘गाता येत नाही’. शब्द बदलावा का? (पणजी)

आधी पट्टी, म्हणजे गाण्याचा आधारस्वर, उतरवून बघा. पेटीच्या काळी एकमध्ये असेल तर पांढरी एकमध्ये गाऊ द्या. तरीही तोच शब्द अडत असेल तर दोष शब्दाचा. तार षड्जाच्या (वरच्या ‘सा’च्या) आसपास ‘ई’ आणि ‘ऊ’ लांबवायला अवघड जातात, जबडा उघडत नाही आणि आवाज चिमटल्यासारखा होतो. तिथे ‘आ’ किंवा ‘ओ’ येईल अशी ओळ फिरवा. पुष्कळदा शब्दांचा क्रम बदलला तरी काम होतं.

दुसरी अडचण अकारान्त शब्दांची. बोलताना आपण ‘घर’ हा शब्द ‘घर्’ असाच म्हणतो. चालीत ‘घ’ला एक स्वर आणि ‘र’ला लांब स्वर दिला की ऐकणाऱ्याला ‘घरा’ ऐकू येतं. गायिकेला ‘घऽऽऽ’ धरून ‘र’ अगदी शेवटी मिटायला सांगा. संगीतकाराला तो लांब स्वर हवाच असेल तर ‘घरी’, ‘घरात या’ असं काही शोधावं लागेल. गाण्याच्या कागदावर अवग्रह (ऽ) लिहून द्या, म्हणजे कुठलं अक्षर लांबवायचं हे तिला विचारावं लागणार नाही. ‘चांदणं’ आणि ‘चंद्र’ यांतले दोन ‘च’ वेगळे आहेत. हिंदी गाणाऱ्या गळ्यासाठी तिथे खूण करून ठेवा.

प्रश्न: अंतरे दोन की तीन? (ठाणे)

हिशेब करा. मिनिटाला 96 मात्रांची लय असेल तर 16 मात्रांची ओळ 10 सेकंदांत होते. दोन ओळींचा मुखडा (ध्रुवपद) दोनदा म्हटला, 40 सेकंद. चार ओळींचा अंतरा आणि परत मुखडा, 60 सेकंद. सुरुवातीला आणि प्रत्येक अंतऱ्याआधी 20 सेकंद वाद्यं. दोन अंतऱ्यांचं गाणं 3 मिनिटं 40 सेकंदांचं झालं, तिसऱ्यानं बरोबर 5 मिनिटं. तिसऱ्यात नवं सांगण्यासारखं नसेल तर दोनच ठेवा.

प्रश्न: आम्ही दोघी बहिणी मिळून शब्द लिहितो. प्रत्येक ओळीवर वाद होतो. (अमरावती)

वाद ओळीवर होतो, कारण गाणं कशाबद्दल आहे हे आधी ठरलेलं नसतं. पेन हातात घेण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहा: कोण बोलतंय, कोणाशी, कुठल्या वेळी, आणि मुखड्यातून अंतऱ्यात गेल्यावर काय पुढे सरकतं. या चारांवर एकमत झालं की निम्मे वाद उद्भवतच नाहीत.

मग दोघींनी वेगवेगळं बसून प्रत्येकी तीन मुखडे लिहावेत. समोरासमोर लिहिलं की पहिलं सुचलेलंच पक्कं होतं. सहांपैकी एक निवडा, वाचून नव्हे, गाऊन. अंतरे वाटून घ्या, पण मुखड्याकडे परतणारी शेवटची ओळ दोघींनी मिळून करा. तिथे यमकही जुळायला हवं आणि मुखड्याचा अर्थही पुढे जायला हवा, म्हणून ती सगळ्यांत अवघड असते.

‘आवडलं नाही’ ही हरकत धरू नका. कुठला शब्द, कुठल्या मात्रेवर आणि का, हे सांगता यायला हवं. प्रत्येक खर्डा तारखेसह ठेवा. खोडलेली ओळ पुढे दुसऱ्या अंतऱ्यात कामी येते.

प्रश्न: अभंग अक्षरं मोजून लिहिला, मात्रा मोजल्याच नाहीत. चाल लागेल का? (पंढरपूर)

लागेल. अभंगाच्या देवद्वार छंदाचे चरण 6-6-6-4 अक्षरांचे, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक:

पावसाची सर, आली अंगणात,
गाणे काळजात, ओले झाले.

इथे ऱ्हस्व-दीर्घ सारखेच मोजतात. भजनी ठेक्याच्या 8 मात्रांत 6 अक्षरं टाकली की दोन मात्रा स्वर लांबवायला उरतात, आणि चारअक्षरी चरणाला चार उरतात. ती मोकळी जागा टाळकऱ्यांची. तिथे जादा शब्द कोंबू नका.

प्रश्न: गाणं दोघांचं असेल तर हक्क कोणाचा? (पुणे)

कॉपीराइट कायदा 1957 नुसार शब्द ही साहित्यकृती आणि चाल ही संगीतकृती, दोन्ही वेगळ्या. शब्द तुमचे, चाल मित्राची. दोघांनी शब्दच लिहिले आणि कोणाचं काय हे वेगळं काढता येत नसेल तर ती संयुक्त कृती होते. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. 2012 च्या दुरुस्तीपासून गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा करारानंही काढून घेता येत नाही. सिनेमा चित्रपटगृहात दाखवण्यापुरता मात्र तो लागू नाही. म्हणून ‘सर्व हक्क कायमचे’ असा छापील कागद पुढे आला तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

आपसात मात्र गाणं पूर्ण झालं त्याच दिवशी एका पानावर गाण्याचं नाव, तारीख, शब्द कोणाचे, चाल कोणाची आणि वाटा किती टक्के हे लिहून दोघांनी सह्या करा. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीत (गाण्यांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) गाणं नोंदवतानाही हेच वाटे द्यावे लागतात. दुसऱ्याच्या कवितेला चाल लावायची असेल तर परवानगी घ्या. कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क चालतो. बालकवी 1918 मध्ये गेले, त्यांच्या हयातीत छापलेल्या कविता मोकळ्या आहेत, आणि नव्या जोडीला सरावासाठी त्यांच्याइतक्या नादमय ओळी क्वचितच मिळतील.