जादूचं सामान बाहेरून मागवताय? ऑर्डर देण्याआधी विचारा

मी कस्टम्स क्लिअरिंगचं काम करतो. जादूच्या ट्रिक्स आणि मस्करीच्या वस्तूंबद्दल फिरून फिरून तेच प्रश्न येतात, आणि बहुतेकांनी माल निघाल्यावर विचारलेलं असतं. म्हणून एकदाच लिहितो.

पत्ते आणि जादूचं सामान एकाच कस्टम्स कोडखाली (ज्या आकड्यावरून ड्युटी ठरते) येतं ना? (सातारा)

नाही. पत्ते 9504, जादूच्या ट्रिक्स आणि मस्करीच्या वस्तू 9505.

विक्रेता म्हणतो पार्सलवर 'गिफ्ट' लिहितो, ड्युटी लागणार नाही. (नाशिक)

लागणार. पाच हजारापर्यंतच्या गिफ्टची सवलत डिसेंबर 2019 मध्येच गेली, राखी आणि जीवरक्षक औषधं सोडली तर गिफ्टवरही पूर्ण ड्युटी भरावी लागते. शिवाय तुम्ही पैसे मोजून घेतलेली वस्तू गिफ्ट कशी होईल? खोटं तो लिहिणार आणि नोटीस तुमच्या नावाने येणार. असल्या माणसाकडून घेऊच नका.

दुकानासाठी मुलांचे 200 मॅजिक किट मागवायचेत. एजंट म्हणतो 9505 मध्ये टाकू, म्हणजे बीआयएसचं (सरकारी दर्जा प्रमाणपत्राचं) झंझट नको. (कोल्हापूर)

कोड बदलून सुटका होत नाही. 14 वर्षांखालच्या मुलांनी खेळायला बनवलेली वस्तू म्हणजे खेळणं, आणि खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून बीआयएसचा आयएसआय मार्क सक्तीचा आहे. डब्यावर '8+' छापलेलं असलं तर अधिकाऱ्याला काय सांगणार? डब्याच्या सगळ्या बाजूंचे फोटो आधी मागवा आणि लायसन्सवाल्या कस्टम्स ब्रोकरला दाखवा. न्हावा शेवा बंदरात कंटेनर उतरल्यावर धावपळ करून उपयोग नाही, तोवर भाडं चढायला लागलेलं असतं.

फ्लॅश पेपर 'क्राफ्ट पेपर' लिहून कुरिअरने येतो, मित्राचा दोनदा सुखरूप आला. मागवू का? (पुणे)

मागवू नका. मित्राचा आला म्हणून तुमचाही येईल ही ऐकीव गोष्ट आहे, आणि हा विषय मला खरंच झोप लागू देत नाही. फ्लॅश पेपर आणि फ्लॅश कॉटन म्हणजे नायट्रोसेल्युलोज, कागद किंवा कापूस नायट्रिक आणि सल्फ्युरिक अॅसिडमधून काढलेला. पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा काडीला लावला तरी भपकन पेटून जातो आणि बोटांवर राखही राहत नाही, म्हणून तर जादूगारांना तो आवडतो. याचाच जास्त नायट्रेशन केलेला प्रकार म्हणजे गन-कॉटन, आणि 1884 च्या एक्स्प्लोझिव्हज अॅक्टमध्ये ते नावानिशी आहे. चांगला विक्रेता तो ओलसर ठेवून धोकादायक माल म्हणून जाहीर करून पाठवतो, कारण सुकला की धोका वाढतो. 12 ऑगस्ट 2015 ला चीनच्या तिआन्जिन बंदरात कंटेनरमधलं नायट्रोसेल्युलोज उन्हाळ्यात सुकून आपोआप पेटलं, आग शेजारच्या अमोनियम नायट्रेटपर्यंत गेली, 165 माणसं गेली आणि 8 जण सापडलेच नाहीत. तुमचं पाकीट छोटं आहे मान्य, पण ते प्रवासी विमानाच्या पोटात जाऊ शकतं आणि वर बसलेल्या कुणालाच ते माहीत नसतं! असं एक पाकीट मी स्वतः उघडताना पाहिलंय, वर 'स्टेशनरी' लिहिलेलं, आत पूर्ण कोरडी गड्डी. शोला आग हवीच असेल तर परवान्याचं आधी विचारून घ्या.

मी जर्मनीत असतो. भारतातून शिंकेची पावडर आणि स्टिंक बॉम्ब आणून इथे विकता येतील का? (म्युनिक)

घटक कळल्याशिवाय नाही. युरोपियन युनियनच्या रीच (रसायनांच्या) नियमांत मस्करीच्या वस्तूंचं वेगळं कलम आहे, त्यात रिठ्यासारखा फेस देणाऱ्या पनामा सालीची पावडर आणि बेंझिडिन हे रसायन बंद, अमोनियम सल्फाइडचे स्टिंक बॉम्बही बंद, फक्त 1.5 मिलिपर्यंत द्रव असलेल्या छोट्यांना सूट. पाकिटावर 'हर्बल' लिहिलंय हे उत्तर नाही. लॅब रिपोर्ट घ्या आणि तिथल्या सल्लागाराला दाखवा.

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळात शो आहे, दोन पेट्या प्रॉप्स आहेत. परतताना ड्युटी मागतील का? (ठाणे)

मागू शकतात. महागडं सामान असेल तर फिक्कीकडे (उद्योगांची संघटना) एटीए कार्नेची, म्हणजे सामान तात्पुरतं बाहेर नेऊन ड्युटीशिवाय परत आणायच्या कागदाची, चौकशी करा, साधं असेल तर निघताना एअरपोर्टवर कस्टम्सला दाखवून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट (सामान इथूनच नेल्याचा दाखला) घ्या. यादी आणि फोटो सोबत ठेवा, चेक-इनच्या आधी वेळ काढा. फ्लॅश कॉटन मात्र हँडबॅगेतही नाही आणि पेटीतही नाही, मंडळवाल्यांना तिकडच्याच दुकानात चौकशी करायला सांगा.