शाळेच्या ग्रंथालय तासाचा जुना अभ्यासक्रम नव्याने लिहायचा आहे, सुरुवात कुठून करू?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: शाळेचा ग्रंथालय तासाचा अभ्यासक्रम २०११ सालचा आहे, त्यात ग्रंथालयाचे नियम, ड्यूई वर्गीकरण (पुस्तकं विषयवार आकड्यांनी लावायची पद्धत) आणि कार्ड-कॅटलॉग (पुस्तकांच्या नोंदींची कार्डं) एवढंच आहे, आणि आता माहिती साक्षरता, म्हणजे माहिती शोधून पारखून वापरणं, व डिजिटल साक्षरता घालून दिवाळीपर्यंत इयत्तावार नवे निकष लिहून द्यायचे आहेत. आठवड्याला एक तास, चार संगणक, मदतीला कुणी नाही.

मी बडोद्यात १९ वर्षं शाळेची ग्रंथपाल आहे. हे काम मी दोनदा केलं. पहिल्यांदा चुकीचं केलं, म्हणून आधी ती चूक सांगते. २०१६ मध्ये मी परदेशी निकषांवरून चाळीस मुद्दे उतरवून काढले, छान तक्ता केला, शाळेच्या समितीनं तो एका बैठकीत मंजूर केला. दोन वर्षांनी पाहिलं तर तो तक्ता एकाही शिक्षकाच्या टाचणात आला नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझ्याही तासात आला नव्हता. चाळीस गोष्टी आठवड्याच्या एका तासात होत नाहीत. म्हणून माझा पहिला आग्रह हा की प्रत्येक इयत्तेला तीन, फार तर चार निकष ठेवा. आणि प्रत्येक निकष असा लिहा की मूल तो करताना तुम्हाला डोळ्यांनी दिसेल. 'विद्यार्थ्यांमध्ये डिजिटल जाणीव निर्माण होते' हे कुणालाच दिसत नाही. 'विद्यार्थी एकाच प्रश्नाची दोन ठिकाणची उत्तरं समोरासमोर ठेवून फरक सांगतो' हे दिसतं.

दुसरी गोष्ट मला ऑगस्ट २०२४ च्या पुरानं शिकवली. विश्वामित्री नदी शहरात शिरली, अर्धं बडोदं पाण्यात होतं, आणि घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मगरींचे फोटो फिरत होते. शाळा सुरू झाल्यावर आठवीच्या तासाला मी त्यातले सहा फोटो छापून नेले आणि मुलांना विचारलं, यातला खरा कुठला, खोटा कुठला? एका फोटोत घराच्या छपरावर मगर बसलेली होती. ३८ मुलांपैकी ३६ जणांनी बिनदिक्कत लिहिलं, 'खोटा, एआयनं केलेला.' तो फोटो खरा होता. अकोटा स्टेडियम भागातला, वृत्तसंस्थांनी जागेसकट दिलेला.

मला त्या दिवशी घरी जाऊन चैन पडली नाही. कारण त्या मुलांना 'फॉरवर्डवर विश्वास ठेवू नका' हे वर्षभर मीच शिकवलं होतं आणि त्यांनी ते मनापासून शिकून घेतलं होतं. खरा म्हणणाऱ्या दोघांपैकी एक मुलगी नदीकाठच्या वस्तीत राहणारी. तिला कारण विचारलं तर म्हणाली, "बाई, नदीत मगरी आहेतच ना. पाणी छपरापर्यंत आलं, मग ती कुठे जाणार?" तिनं कुठलंही तंत्र वापरलं नव्हतं. तिला नदी माहीत होती, मगर माहीत होती, पाणी किती चढलं ते तिनं पाहिलं होतं.

त्यानंतर मी आमच्या कागदावरचं 'खोटी माहिती ओळखतो' हे वाक्य खोडलं आणि तिथे लिहिलं, 'माहिती मुळात कुठून आली ते शोधून काढतो आणि त्यावरून ती मानायची की नाही ते ठरवतो.' वाचायला फरक लहान वाटेल, पण तास पूर्ण बदलतो. पहिल्या वाक्यानं मूल नुसतं 'नाही' म्हणायला शिकतं. दुसऱ्यात त्याला उठून शोधायला लागावं लागतं. आणि अफवेवर विश्वास ठेवण्याइतकंच खऱ्या इशाऱ्यावर विश्वास न ठेवणंही पुराच्या वेळी जिवावर बेतू शकतं. उलट बाजूही विसरू नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून पाच माणसांना जमावानं ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. आमच्या विषयाला कुणी 'अवांतर तास' म्हटलं की मला ही तारीख आठवते.

शोधायचं कसं, हे शिकवण्याची पद्धतही आता बदलायला हवी. आपल्या जुन्या पुस्तिकांत संकेतस्थळ तपासायची यादी असते: लेखकाचं नाव आहे का, तारीख आहे का, पत्ता डॉट ऑर्गनं संपतो का, मांडणी नीटनेटकी आहे का. आज कुणीही हे सगळं एका दुपारीत उभं करू शकतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि २५ विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली. इतिहासकार आणि विद्यार्थी ते पान वरपासून खालपर्यंत वाचत राहिले आणि अनेकदा फसले. तपासनीस मात्र जवळजवळ लगेच ते पान सोडून दुसऱ्या खिडक्या उघडत होते: ही संस्था कोण, हिच्याबद्दल बाकीचे काय म्हणतात? ते लवकर आणि बरोबर पोचले. मी मुलांना हे असं सांगते: नव्या गल्लीत घर भाड्यानं घ्यायचं असेल तर घरमालकालाच विचारता का मालक कसा आहे? शेजाऱ्यांना विचारता ना? सहावीचं मूलही हे एका झटक्यात समजतं.

आता जुन्यातलं काय टाकायचं. कार्ड-कॅटलॉग भरायला शिकवणं सोडा, ड्यूईचे दहा मुख्य वर्ग एका तासात दाखवून पुढे जा. पण पुस्तकाच्या शेवटची सूची वापरणं अजिबात टाकू नका. पहिल्या पानांवरची अनुक्रमणिका मुलांना सापडते. शेवटच्या सूचीत शब्द शोधून नेमक्या पानावर जाणं दहावीच्या मुलांनाही येत नाही, हे मी दरवर्षी पाहते. शोधयंत्रात कोणता शब्द टाकायचा ही समज याच सवयीतून येते. जे मूल 'पाणी' खाली शोधून न सापडल्यावर 'जलसंधारण' खाली पाहतं, ते गूगलवरही पहिल्या अपयशाला थांबत नाही.

कॅटलॉगला मात्र एक नवं काम लागलंय. मागच्या वर्षी नववीच्या एका मुलानं सयाजीरावांवरच्या प्रकल्पासाठी चॅटबॉटला पुस्तकं विचारली. पाच नावं आली, लेखक, प्रकाशक, वर्ष सगळं व्यवस्थित. आम्ही ती आमच्या कॅटलॉगमध्ये, मग इतर ग्रंथालयांच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये शोधली. तीन मिळाली. दोन कुठेच नव्हती. एकाच्या नावावर दिलेला लेखक खरा, पण त्यानं तसं पुस्तक लिहिलेलंच नाही. त्या मुलाला जो धक्का बसला तो माझ्या दहा व्याख्यानांनी बसला नसता. तेव्हापासून नववीचा एक निकष आहे: 'यंत्रानं सुचवलेला प्रत्येक संदर्भ कॅटलॉगमध्ये किंवा प्रत्यक्ष हातात घेऊन पडताळतो.' चॅटबॉटवर बंदी घाला असं मी म्हणणार नाही. मुलं घरी वापरणारच, आणि शाळेत त्याबद्दल बोललंच नाही तर ती एकटीच वापरतील.

इयत्तांची विभागणी मी साधारण अशी केली. पहिली-दुसरीला संगणकाचा पडदा नाही. पुस्तक हाताळणं, गोष्ट ऐकणं आणि 'हे कुणी लिहिलं, कुणी चित्र काढलं' एवढंच. लेखकाचं नाव विचारायची सवय इथे लागली की पुढे संदर्भ द्यायला शिकवणं सोपं जातं. तिसरी ते पाचवीत अनुक्रमणिका, सूची, शब्दकोश आणि प्रश्न तयार करणं. बडोद्यात यात एक मजा आहे. आमच्या मुलांना घरी मराठी, बाहेर गुजराती, शाळेत इंग्रजी, म्हणजे तीन वर्णमालांचे क्रम सांभाळावे लागतात. आधी मला ते ओझं वाटायचं. आता मी तोच प्रश्न तीन भाषांत शोधायला लावते, कारण उत्तरं खरोखर वेगळी येतात. गुजराती शब्दासाठी भगवद्गोमंडळ हा शब्दकोश आणि मराठी नोंदीसाठी मराठी विश्वकोश, दोन्ही फुकट ऑनलाइन आहेत. तुमच्या गावात असं जे असेल ते वापरा. सहावी ते आठवीत शोधशब्द, जाहिरात आणि खरा निकाल यांतला फरक, फोटोचा उगम आणि वर सांगितलेली शेजाऱ्यांना विचारायची पद्धत. विकिपीडिया इथेच आणते. त्यातलं वाक्य उतरवायला नाही, खालच्या तळटिपांतून मूळ स्रोतापर्यंत जायला. नववी-दहावीत परस्परविरोधी स्रोत, चॅटबॉट, श्रेय देणं आणि खासगीपण.

खासगीपणावर एक इशारा तुमच्यासाठीच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरलंय आणि त्यांची माहिती वापरायला पालकांच्या संमतीची अट आहे. उत्साहाच्या भरात एखाद्या फुकट ॲपवर वर्गाची नावं आणि पालकांचे मोबाईल नंबर भरू नका. आधी मुख्याध्यापकांशी लेखी बोला.

आधार म्हणून दोन दस्तऐवज जवळ ठेवा. ग्रंथालय संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, म्हणजे इफ्लाची, २०१५ ची शालेय ग्रंथालय मार्गदर्शिका. ती मोफत मिळते. आणि अमेरिकी शालेय ग्रंथपाल संघटनेचे २०१८ चे निकष. त्यांचा पाया सहा क्रियांवर आहे: प्रश्न घेऊन शोध घेणं, सर्वांना सामावून घेणं, मिळून काम करणं, निवडून जुळवून ठेवणं, नवं धुंडाळणं आणि जबाबदारीनं वापरणं. वाचा, पण उतरवू नका. ते निकष पूर्णवेळ प्रशिक्षित ग्रंथपाल आणि शिक्षकांबरोबरचा मोकळा वेळ गृहीत धरतात. मी २०१६ मध्ये फसले ती इथेच. समितीत कुणी 'याची गरज काय' विचारलं तर शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातली ओळ दाखवा: प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रं, मासिकं आणि सर्व विषयांची पुस्तकं, गोष्टींच्या पुस्तकांसह, असलेलं ग्रंथालय हवं. आणि २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण डिजिटल साक्षरतेचं नाव घेऊनच बोलतं.

आमच्या गावाचा इतिहास मला या कामात फार धीर देतो. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये सगळ्या बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पण शाळा सोडल्यावर वाचायलाच काही मिळालं नाही तर शिकलेली अक्षरं पुसली जातात, हे ध्यानात घेऊन १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावलं आणि ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. ज्या गावात ग्रंथालय नव्हतं तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या जात. १९१२ मध्ये 'लायब्ररी मिसेलनी' नावाचं नियतकालिक निघालं, इंग्रजी, गुजराती आणि मराठीत. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मी दरवर्षी सातवीला नेते. लोखंडी मांडण्या आणि उजेड खाली झिरपावा म्हणून केलेली काचेची जमीन पाहून मुलं पाय जपून टाकतात. तिथे उभी राहून मी त्यांना पेटीबद्दल सांगते. वाचक जिथे होता तिथे पुस्तक गेलं. आपला वाचक आज मोबाईलवर आहे, म्हणून आपला तासही तिथल्या गोष्टींवर बोलणारा हवा, हे मी समितीतही याच पेटीच्या गोष्टीवरून पटवलं.

मूल्यमापनासाठी लेखी परीक्षा ठेवू नका, हात जोडून सांगते. परीक्षेत सगळी मुलं 'माहिती तपासून घ्यावी' असं लिहितात. आम्ही शोधवही ठेवतो. पानावर चार रकाने: काय विचारलं, कुठे पाहिलं, काय मिळालं, ते का मानलं. चौथा रकाना मी वाचते, बाकीचे नजरेखालून घालते. जूनमध्ये तिथे 'कारण गूगलवर होतं' असं असतं. फेब्रुवारीत काही वह्यांत 'दोन वर्तमानपत्रांत वेगळे आकडे होते, म्हणून महानगरपालिकेचं निवेदन पाहिलं' असं येतं. सगळ्यांत येत नाही.

आणि एकट्यानं लिहू नका. निकष समितीपुढे नेण्याआधी फक्त दोन विषयशिक्षकांना गाठा, समाजशास्त्र आणि विज्ञान. त्यांना विचारा, या वर्षी मुलांकडून कुठला प्रकल्प करून घेणार आहात? त्या प्रकल्पाच्या आठवड्यांत तुमचा तास बसवा. मुलाला खरोखर काही शोधायचं असतं तेव्हाच शोधायचं कसं हे डोक्यात शिरतं, आणि शिक्षकांना उतरवलेल्या प्रकल्पांपासून सुटका हवीच असते, त्यामुळे ते नाही म्हणत नाहीत. चार संगणक पुरतात. चौघांच्या गटात एक जण टंकतो, तिघे सांगतात, आणि वाद आपोआप होतात.

दिवाळीपर्यंत सगळ्या इयत्ता होणार नाहीत. सहावी ते आठवीचं पक्कं करा, बाकीचं कच्चं म्हणून जोडा, आणि वर ठळक लिहा की दर दोन वर्षांनी जूनमध्ये फेरतपासणी होईल. पण कागदाला हात लावण्याआधी, याच आठवड्यात, सहा फोटोंचा तो तास एकदा घेऊन पाहा. तुमच्या गावातले, मुलांच्या घरी आलेले फोटो घ्या, छापून न्या, म्हणजे मोबाईलची गरज पडणार नाही. निवडताना त्यात एक तरी खरा पण अविश्वसनीय वाटणारा फोटो नक्की ठेवा.