४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ नाही, हे संगणकाशिवाय कागदावर शोधता येतं का?

येतं. वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या ६,५४२ मूळ संख्यांनी भागत बसावं लागेल असं तुम्ही लिहिलंय, ते साफ चूक आहे. भागाकार एकच पुरतो.

ही संख्या म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १. याच घडणीच्या (घातांक १, २, ४, ८, १६ असा दुपटीने वाढणारा, त्यात अधिक १) ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ मूळ निघाल्या, म्हणून फ्रेंच गणिती फर्माने पुढच्याही मूळच मानल्या. हिला ६४१ ने भाग जातो हे स्विस गणिती ऑयलरने १७३२ मध्ये दाखवलं. हिच्या कुठल्याही मूळ अवयवाला १२८ ने भागलं की बाकी १ उरते (ऑयलरकडे ६४ चा नियम होता, १२८ चा फ्रेंच गणिती ल्यूकाने १८७८ मध्ये दिला). म्हणजे १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१ अशा क्रमाने जायचं. यात मूळ दोनच, २५७ आणि ६४१. आपल्या संख्येतून २ वजा केले की बरोबर ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ येतात, म्हणून २५७ ने भागल्यास बाकी २. राहिला ६४१. भागून बघा, ६७,००,४१७ येतात.

हेच मी एकदा वर्गात फळ्यावर मांडत होतो. एक ज्येष्ठ सहकारी मागच्या बाकावर येऊन बसले आणि मुलांदेखत म्हणाले, "यात तास कशाला घालवता? माझा प्रोग्राम क्षणात सांगतो." लॅपटॉप उघडून संख्या टाकली. उत्तर आलं: मूळ. फळ्यावर ६४१ चा गुणाकार पूर्ण लिहिलेला होता, तरी मलाच म्हणाले, पुन्हा तपासा!

प्रोग्राममध्ये फर्माचीच कसोटी होती, पाया २. संख्येहून एकने लहान एवढा घातांक घ्यायचा, २ च्या त्या घाताला संख्येने भागून बाकी १ आली की मूळ म्हणायचं. पण इथे २ च्या ३२व्या घाताला बाकी वजा १ येते, म्हणून ६४व्या घाताला १. आणि कसोटीतला घातांक ६४ च्या पटीत आहेच. मग ही संख्या नापास होणार कशी? पाया ३ घेतला असता तर लगेच पकडली गेली असती. मी हे तिथेच मांडलं. "अपवाद असतात," एवढंच म्हणाले आणि आजही तेच म्हणतात. अपवाद कसला? या घडणीची प्रत्येक संख्या, मूळ असो वा नसो, त्या कसोटीत पास होते.

त्यामुळे आधी संख्येची घडण बघा. प्रोग्राम कोणती कसोटी लावतो हे ठाऊक नसेल, तर त्याचं उत्तर मुलांना सांगूच नका.

अर्थात, कुठल्याही दहा अंकी संख्येला ही युक्ती लागू नाही, तिथे यंत्रच बरं. याच मालिकेतल्या पुढच्या संख्येचा, म्हणजे ६४व्या घाताच्या, लहान अवयव २,७४,१७७ आहे आणि तो प्रसिद्ध व्हायला १८८० साल उजाडलं.

६७,००,४१७ मूळ आहे का, हे तुम्ही विचारलं नाहीत. विचारायला हवं होतं. त्याच १२८ च्या नियमाने तपासायला ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९ एवढेच उरतात. चार भागाकार आहेत, हातानेच करा.