हेड खोलू नका, आधी हवा काढा

तुम्ही विचारलंय की रेडिएटरचा वरचा पाइप बदलल्यापासून चढाला तापमानाचा काटा वर जातो, मेकॅनिक हेड गॅसकेट (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, त्याच्या आणि खालच्या ब्लॉकच्या मधलं सील) गेलं म्हणतो, तर हेड खोलायला खर्च किती आणि तोवर गाडी चालवावी का.

खर्चाचं नंतर. पाइप बदलण्याआधी गाडी गरम होत नव्हती ना? मग हेड खोलू देऊ नका. कूलंट (इंजिन गार ठेवायला आत फिरणारं पाणी) काढून परत भरल्यावर जी गाडी तापायला लागते, तिच्यात पहिला संशय आत अडकलेल्या हवेचा घ्यायचा. आमच्या गाडीचं हेड मी असंच खोलू दिलं आणि आतून गॅसकेट अगदी धड निघालं. आज सात-आठ वर्षं झाली तरी ते मला लागून आहे, म्हणून एवढं लिहिते.

मे २०१७. बाबांची पेट्रोल गाडी, रिटायर झाल्यावर घेतलेली. गुहागरला निघायच्या दोन दिवस आधी कराडात तिचा फुगलेला पाइप बदलून घेतला. जाताना काहीच झालं नाही, कारण कराडहून जाताना कुंभार्ली घाट उतरायचा असतो, इंजिनावर भारच नसतो. गुहागरला मात्र सकाळी गाडी सुरू केली की डॅशबोर्डच्या मागून खळखळ यायची. आई म्हणाली, "कुठंतरी पाणी वाजतंय गं." मी म्हटलं, पाण्याच्या बाटल्या असतील. दुसऱ्या दिवशी बाटल्या खोलीवर होत्या तरी आई तेच म्हणाली. मी लक्ष दिलं नाही. बॉनेटखालच्या बाटलीतलं कूलंट बोटभर उतरलेलं दिसलं, तेवढं भरलं आणि विसरले.

परत येताना डिकीत आंब्याच्या चार पेट्या आणि एसी चालू. पोफळी मागे पडली, घाट लागला आणि चार वळणं झाली नसतील तोवर काटा अर्ध्याच्या वर. मग एकदम खाली. मग थेट लाल रेघेपाशी. बाबा म्हणाले, काटाच बिघडलाय. मी एसी बंद करून हीटर फुल केला, कारण हीटर लावला की इंजिनाची थोडी उष्णता बाहेर निघते एवढं मला माहीत होतं. काटा लालवर आणि हीटरमधून नुसता पंख्यासारखा वारा! मला वाटलं, हीटरही गेला.

तोच खरा निकाल होता. इंजिन तापलंय आणि हीटर गरम होत नाही, म्हणजे हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये कूलंट पोचतच नाही, बहुतेक तिथे हवा बसलीय. काटा वरखाली उड्या मारतो तोही त्यामुळेच. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असायला हवा. त्याच्या टोकाशी हवा किंवा वाफ आली की तो खोटं सांगतो. म्हणजे आईचा कान, हीटर आणि काटा, तिघांनीही एकच गोष्ट सांगितली होती. तुमच्या गाडीत या तिन्ही गोष्टी आजच बघा, फुकटात कळेल.

घाटात तासभर थांबलो. बाबांनी रुमाल घेऊन रेडिएटरचं झाकण धरलं होतं, मी त्यांचा हात ओढला. झाकणावर ०.९ असा आकडा असेल तर आतलं पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि सगळं उकळून अंगावर येतं. गरम इंजिनाचं झाकण कोणीही कधीही उघडू नये.

कसंबसं थांबत थांबत रात्री कराडला पोचलो. गॅरेजवाल्यानं पाच मिनिटांत हेड गॅसकेट सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता बाबांकडे बघून, गाडी चालवत मी होते तरी. पुण्याहून दाजींनी फोनवर तेच सांगितलं. हेड निघालं, फेसिंगला (तळ घासून सपाट करायला) गेलं, ऑइल, कूलंट, नवं गॅसकेट मिळून १४,६०० रुपये. आठ दिवसांनी पुण्याहून येताना खंबाटकी चढताना काटा पुन्हा लालवर. साहजिकच आहे, कूलंट परत तसंच ओतलं होतं, हवा परत तशीच आत.

मग दाजी म्हणाले, "थर्मोस्टॅट काढून टाक. आपल्याकडे थंडी कुठंय?" थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारी झडप. तेही केलं. सपाट रस्त्यावर काटा उठेनाच, अॅव्हरेज सोळावरून तेरावर आलं आणि चढाला गाडी तापायची ती तापायचीच.

सुटका केली ती माझ्या चुलत्यांनी, अण्णांनी. त्यांनी आयुष्यात कार चालवलेली नाही, पण कोयनाकाठच्या विहिरीवरची मोटार तीस वर्षं चालवलीय. रविवारी मी गावी गेले होते, निघताना गाडी सुरू केली, ती खळखळ ऐकून अण्णा म्हणाले, "पोरी, पंपानं हवा धरलीय की हिच्या." मी गाडी बंद केली. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. फूटव्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाइपाच्या बुडाची झडप) गळला, पाइपात हवा शिरली की मोटार फिरते, आवाज येतो, पाणी मात्र येत नाही. वरून पाणी ओतून हवा काढल्याशिवाय पंप उचलत नाही. गाडीचा वॉटर पंपही त्याच जातीचा, पात्यांनी पाणी फेकणारा. त्याच्या तोंडाशी हवा आली की तो नुसता फिरतो.

घरी येऊन गॅरेजची दोन्ही बिलं काढली. गाडीच्या पुस्तकात कूलंट चार लिटर लिहिलंय आणि दोन्ही वेळा बिलावर एकेक लिटरचे तीनच डबे! उरलेल्या लिटरभर जागेत काय होतं ते उघड आहे. तुम्हीही तुमचं बिल बघा. जेवढं निघालं तेवढं परत गेलं का, हा प्रश्न एकाही गॅरेजवाल्याला विचारलेला आवडत नाही, पण विचारा.

नवा थर्मोस्टॅट आणून बसवून घेतला. त्याच्या कडेला बारीक भोक आणि त्यात हलणारी पिन असते. ती हवा जाण्यासाठी असते, म्हणून ती वरच्या बाजूला आली पाहिजे. मग गल्लीच्या चढावर गाडी तोंड वर करून उभी केली, मागच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला. इंजिन पूर्ण गार. बाटलीचं बूड कापून केलेलं नरसाळं रेडिएटरच्या तोंडात घट्ट बसवलं. हीटरचा नॉब पूर्ण गरमवर. हे महत्त्वाचं, कारण बऱ्याच जुन्या गाड्यांत नॉब थंडवर असला की हीटरकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद राहतो, आणि आपल्याकडे नॉब बाराही महिने थंडवरच असतो. गॅरेजमध्ये कूलंट भरताना त्याला कोणी हात लावत नाही.

मग गाडी नुसती सुरू ठेवली. नरसाळ्यात बुडबुडे येत राहिले, पातळी उतरली की मी कूलंट ओतत राहिले, मधूनमधून वरचा पाइप फडक्यानं दाबला. वीसेक मिनिटांनी थर्मोस्टॅट उघडला, पाइप एकदम कढत झाला आणि पातळी झपकन खाली गेली. रेडिएटरचा फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबले. पाऊण लिटर कूलंट आत गेलं. हीटरमधून भट्टीसारखी हवा येऊ लागली. सकाळी गार इंजिनावर आणखी थोडं भरलं आणि आईला आत बसवून गाडी सुरू केली. आई म्हणाली, "आता नाही वाजत." पुढच्याच आठवड्यात आम्ही तिघं कुंभार्ली चढून आलो, एसी लावून. काटा अर्ध्यावरून हलला नाही.

थर्मोस्टॅट काढायला सांगणारे सगळीकडे भेटतात, त्यांचं ऐकू नका. तो थंडीसाठी नसतो, इंजिनाला योग्य तापमानावर ठेवण्यासाठी असतो. कित्येक इंजिनांत तो उघडताना दुसऱ्या टोकानं बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास उघडाच राहतो आणि बरंचसं गरम पाणी रेडिएटरकडे न जाता परत इंजिनात फिरतं. म्हणजे सपाटीला गाडी गार आणि चढाला गरम, अगदी आमच्यासारखी. दाजी, तुम्ही हे वाचत असाल तर तुमच्याही गाडीत तो बसवून घ्या, मी मनापासून सांगतेय.

आता एक मान्य करते. हेड गॅसकेट खरोखरही जातं. हवा नीट काढूनही बुडबुडे थांबतच नसतील, गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात पाइप दगडासारखा होत असेल, गळती नसताना कूलंट कमी होत असेल किंवा ऑइल दुधाच्या चहासारखं झालं असेल, तर तुमचा मेकॅनिक बरोबर आहे. तरी हेड खोलण्याआधी त्याला रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या रसायनाची टेस्ट करायला सांगा. पेट्रोल गाडीत जळालेला गॅस कूलंटमध्ये येत असेल तर ते पिवळं पडतं. काही गाड्यांत हवा सोडायला वेगळा स्क्रू असतो, आणि इलेक्ट्रिक पंपाच्या काही नव्या गाड्यांत हे काम स्कॅनर लावून करावं लागतं, तिथे माझी पद्धत चालणार नाही. सांडलेलं कूलंट लगेच पाण्यानं धुवा. ते गोड लागतं, कुत्री चाटतात आणि मरतात.

तोवर गाडी चालवू नका, सपाटीवरही नाही. तापलेल्या इंजिनाचं हेड वाकलं की मग खोलावंच लागेल. खर्च गाडीप्रमाणे बदलतो, आमचा वर लिहिलाय. मेकॅनिकनं तारीख दिली असेल तर दोन दिवस पुढे ढकला आणि आज संध्याकाळी इंजिन गार झालं की बिलावरचे कूलंटचे डबे मोजा.