कॉफीचा चोथा कुंडीतील झाडांना थेट घालावा का?

कॉफी गाळल्यावर उरणारा चोथा तुम्ही गेले काही आठवडे गुलाब, टोमॅटो आणि मिरचीच्या कुंड्यांत रोज थोडाथोडा टाकत आहात; तरीही रोपे जोम धरण्याऐवजी मलूल दिसतात आणि मिरचीची खालची पाने पिवळी पडू लागली आहेत, तेव्हा हे चालू ठेवावे की थांबवावे, असा तुमचा प्रश्न आहे. माझे उत्तर असे की, चोथा कुंडीत थेट टाकणे आजच थांबवा, पण तो फेकून मात्र देऊ नका. कॉफीचा चोथा हे तयार खत नव्हे, तो खताचा कच्चा माल आहे. तो आधी कंपोस्टच्या डब्यात कुजवला, तर ज्या चोथ्याने आज रोपे रोडावली आहेत त्याच चोथ्याचा त्यांना पुढे चांगला उपयोग होतो.

चोथा खत म्हणून प्रसिद्ध झाला तो त्यातील नत्रामुळे, आणि ही प्रसिद्धी अगदीच निराधार नाही. वाळलेल्या चोथ्यात वजनाच्या सुमारे 2 टक्के नत्र असते. स्फुरद त्या मानाने फारच थोडे असते आणि पालाश पाण्यात सहज विरघळत असल्यामुळे त्याचा बराचसा भाग कॉफीबरोबर कपातच उतरतो. मात्र हे 2 टक्के नत्र प्रामुख्याने प्रथिनांच्या रूपात अडकलेले असते आणि मुळांना ते त्या रूपात घेता येत नाही. मातीतील जिवाणू व बुरशी त्याचे विघटन करतात, तेव्हाच ते हळूहळू मोकळे होते. शिवाय कच्चा सेंद्रिय पदार्थ कुजवताना हे सूक्ष्मजीव स्वतःच्या वाढीसाठी मातीतील उपलब्ध नत्रही काही काळ ओढून घेतात. जमिनीतील मोठ्या वाफ्यात हा तुटवडा जाणवणार नाही, पण कुंडीत माती मोजकीच असल्यामुळे त्याचा ताण रोपावर लगेच दिसतो. नत्र कमी पडले की रोप जुन्या पानांतील नत्र काढून नव्या शेंड्याकडे पाठवते, म्हणून पिवळेपणाची सुरुवात खालच्या पानांपासून होते. तुमच्या मिरचीचे वर्णन वाचून माझा पहिला संशय याच कारणावर आहे.

दुसरे कारण कॅफीन. कॉफीचे झाड ते माणसाच्या तरतरीसाठी बनवत नाही. पाने-फळे कुरतडणाऱ्या किडींपासून बचाव करण्यासाठी आणि आसपास उगवू पाहणाऱ्या इतर वनस्पतींना रोखण्यासाठी ते त्याच्या कामी येते. कॉफी गाळल्यानंतरही कॅफीनचा काही अंश चोथ्यात राहतो, आणि बी रुजण्यात व कोवळ्या मुळांच्या वाढीत तो अडथळा आणू शकतो. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्रोकोली, लीक, मुळा, व्हायोला आणि सूर्यफूल ही पाच रोपे ताजा चोथा मिसळलेल्या मातीत वाढवून पाहिली होती. मातीचा प्रकार बदलला किंवा सोबत खत दिले, तरीही पाचही रोपांची वाढ खुंटली. त्याच अभ्यासात मातीची पाणी धरून ठेवण्याची क्षमता वाढल्याचे आणि तणही कमी उगवल्याचे दिसले. तण कमी झाले हे वाचून अनेकांना आनंद होतो. पण जो पदार्थ तणाला वाढू देत नाही, तो टोमॅटोला तेवढा वगळेल अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. म्हणूनच बी पेरलेल्या ट्रेमध्ये आणि नुकत्याच लावलेल्या रोपांच्या मातीत चोथ्याचा कणही जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

तिसरे कारण डोळ्यांनी पाहता येते, म्हणून ते तुम्ही स्वतःच तपासा. चोथ्याचे कण अतिशय बारीक असतात. ओले असताना ते एकमेकांना चिकटून दबतात आणि वाळल्यावर मातीच्या पृष्ठभागावर त्यांची घट्ट पपडी धरते. अशा कुंडीत पाणी घातले की ते क्षणभर वर तसेच साचून राहते, मग कडेकडेने, म्हणजे माती आणि कुंडीची भिंत यांच्यामधील फटीतून, खाली निसटते आणि तळाच्या छिद्रातून बाहेर येते. तळातून पाणी आले म्हणजे कुंडी भिजली, असे आपण समजतो. पण पपडी खुरप्याने उचलून दोन पेरे बोट आत घातले, तर मुळांजवळची माती कोरडी लागते. याउलट थर सतत ओला राहिला, तर त्यावर पांढरी किंवा हिरवट बुरशी चढते. ही बुरशी बहुधा चोथाच खात असते आणि रोपाला थेट अपाय करत नाही, परंतु तिच्याखाली माती कोंदट राहते, हवा खेळत नाही आणि बारीक चिलटे घोंगावू लागतात.

आता आम्लतेविषयी, कारण गुलाबाला आम्लधर्मी माती मानवते म्हणून चोथा घालतो, असे तुम्ही लिहिले आहे. कॉफीतील आम्ले पाण्यात विरघळणारी असल्यामुळे त्यांतील पुष्कळशी कपातच जातात. उरलेल्या चोथ्याचा सामू बहुतेकदा 6 ते 7 च्या दरम्यान, म्हणजे किंचित आम्लधर्मी ते जवळजवळ उदासीन असतो. काही नमुने याहून बरेच आम्लधर्मी, तर काही अल्कधर्मीही आढळले आहेत. सामू उतरवण्यासाठी इतक्या बेभरवशाच्या वस्तूवर विसंबून राहू नये. हायड्रेंजियाची फुले चोथ्याने निळी होतात, ही समजूतही याच कारणाने डळमळीत आहे. मातीचा सामू खरोखरच कमी करायचा असेल तर आधी माती तपासून घ्यावी आणि मग गंधकासारखा खात्रीचा पदार्थ मोजून वापरावा.

मग चोथ्याचे करायचे काय? कंपोस्ट, असेच मी सांगेन. रंगाने तपकिरी असला तरी कंपोस्टच्या हिशेबात तो ‘हिरव्या’, म्हणजे नत्रयुक्त मालात मोडतो, आणि नेमके हेच लक्षात न आल्यामुळे अनेकांचे डबे चिकट होऊन घाण वास मारू लागतात. चोथ्यातील कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण 20 ते 25 ला 1 असते, म्हणून त्याच्या जोडीला वाळकी पाने, वाळलेले गवत, कागदाचे किंवा पुठ्ठ्याचे तुकडे, लाकडाचा भुसा असा कोरडा, कर्बयुक्त माल भरपूर हवा. आकारमानाने पाहिले तर डब्यातील एकूण मालात चोथा एक पंचमांशापेक्षा जास्त नसावा. उरलेल्यात निम्म्याहून अधिक कोरडा माल आणि बाकीची भाज्या-फळांची साले, असे मिश्रण चांगले जमते. चोथा एकाच जागी ओतू नये, पालापाचोळ्यात हाताने मोकळा करून मिसळावा, नाहीतर त्याचे गोळे बनतात आणि ते आतून महिनोन्‌महिने तसेच राहतात. कागदी गाळणी वापरत असाल तर ती फाडून चोथ्याबरोबरच टाकता येते. कॉफी दूध-साखरेसकट उकळून मग गाळत असाल, तर तो चोथा आधी पाण्याने धुऊन घ्या, अन्यथा मुंग्या लागतील आणि दुधाचा वास येईल. चोथा साठवायचा असल्यास कागदावर पातळ पसरून कडकडीत वाळवावा. ओलाच झाकणबंद ठेवला की लगेच बुरशी धरतो.

डब्याला हवेसाठी छिद्रे हवीत आणि आठवड्यातून एकदा माल खालवर करावा. ओलावा पाहण्यासाठी मिश्रण मुठीत घट्ट दाबावे. एक-दोन थेंब पाणी यावे, धार लागू नये. धार लागली तर कोरडी पाने वाढवावीत. मोठा ढीग रचला तर तो आतून चांगलाच तापतो आणि लवकर कुजतो, पण घरगुती लहान डब्यात तेवढी उष्णता टिकत नाही, त्यामुळे तीन-चार महिने किंवा त्याहून अधिक काळ लागेल असे धरून चालावे. या काळात सूक्ष्मजीव कॅफीनचेही विघटन करतात. खत काळपट आणि भुसभुशीत झाले, पहिल्या पावसात भिजलेल्या मातीसारखा वास येऊ लागला आणि त्यात मूळ पदार्थ ओळखू येईनासे झाले की ते तयार समजावे. तरीही शंका असेल तर थोड्या खतात मुळ्याचे बी पेरून पाहावे. ते नेहमीसारखे उगवून आले, तर खत निर्धोक आहे. कुंडीच्या मातीत असे खत पाचव्या ते चौथ्या हिश्श्याएवढे मिसळले तरी पुरते. गांडूळखताच्या पेटीत मात्र हात आखडता ठेवावा. पसाभर चोथा ओल्या कागदात किंवा पाचोळ्यात मिसळून दिला तर चालतो, पण ढीगच ओतला तर तो गांडुळांना मानवत नाही.

जमिनीतील वाफ्यात, बाळसे धरलेल्या झुडपांभोवती चोथ्याचे आच्छादन करायचे असेल तर थर एक सेंटिमीटरहून जाड नको आणि त्यावर पालापाचोळ्याचा किंवा लाकडाच्या सालींचा जाड थर द्यावा, म्हणजे पपडी धरत नाही. गोगलगायी दूर राहतील या आशेने मात्र तो पसरू नका. हवाईतील शास्त्रज्ञांनी 2002 मध्ये दाखवून दिले होते की 1 ते 2 टक्के कॅफीनच्या द्रावणाने गोगलगायी मरतात. नेहमीच्या गाळलेल्या कॉफीत कॅफीनचे प्रमाण याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असते, मग चोथ्याकडून तेवढ्या परिणामाची अपेक्षा कशी धरावी? घरात कुत्रा असेल तर उघड्यावर चोथा टाकूच नये, कारण कॅफीन कुत्र्यांना विषारी असते आणि तो वासाने आकर्षित होऊन खातो.

तुमच्या सध्याच्या कुंड्यांपुरते सांगायचे तर, वरचा चोथा आणि त्याखालची बोटभर माती अलगद काढून कंपोस्टच्या डब्यात टाका, मुळे न दुखावता उरलेली माती खुरप्याने मोकळी करा आणि तेवढ्याच जाडीचा चांगल्या कुजलेल्या खताचा थर द्या. पुढे वरची माती सुकल्याशिवाय पाणी घालू नका, आणि घालाल तेव्हा सावकाश, संपूर्ण कुंडी भिजेल असे घाला. पिवळी पडलेली पाने पुन्हा हिरवी होणार नाहीत, त्यामुळे त्यांच्यावरून अंदाज बांधू नका. दोन-तीन आठवड्यांत शेंड्याला येणारी नवी पाने कशी आहेत ते पाहा. तीही फिकी निघाली, तर रोप कुंडीतून काढून मुळे आणि तळाचा निचरा तपासावा लागेल, कारण मग दोष एकट्या चोथ्याचा नसेल.