अंगणातली कोंबडी: दिवाळीनंतर अंडी का थांबली?

प्रश्न: डॉक्टरकाका, नमस्कार. आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. मुलाने झाबुआकडून कडकनाथ या काळ्या जातीच्या चार तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, आणि एक कोंबडा आणला. आता त्या दीड वर्षाच्या आहेत. दसऱ्यापर्यंत अंडी मिळत होती, दिवाळीनंतर एकही नाही. अंगणभर पिसं पडतात. खायला ज्वारी, पोळीचे तुकडे आणि सकाळचे उरलेले शेव-पोहे घालते. सासूबाई म्हणतात, म्हाताऱ्या झाल्या, काढून टाका. काय करू?

उत्तर: ताई, काढू नका. दीड वर्षाची कोंबडी म्हातारी नसते. तुमच्या कोंबड्या पिसं बदलतायत, आणि नवं पीस जवळजवळ सगळं प्रथिनाचंच बनतं. त्या काळात अंड्यासाठी काही उरत नाही. त्यात दिवस लहान. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य पावणेअकरा तासांच्या आसपासच असतो आणि कोंबडीला नेमाने अंडी द्यायला १४ तास तरी उजेड लागतो. शिवाय कडकनाथ मुळात वर्षाला शंभराच्या आसपासच अंडी देणारी जात. २०१८मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं आणि तिचं नाव फार झालं. काळी अंडी मागणारेही मला भेटतात! अंडं साधं फिकट बदामी असतं हो.

खात्री करायची तर कोंबडी काखेत धरा, डोकं मागे, शेपूट पुढे. शेपटीखाली अंड्याच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक हाडांची टोकं लागतील. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं आडवी मावली आणि जागा ओलसर, सैल असली तर ती अंडी देतेय. जेमतेम एक बोट मावलं आणि जागा कोरडी, आवळलेली असली तर ती सुट्टीवर आहे. महूच्या पशुवैद्यकीय कॉलेजात आम्हाला तुरा बघायला शिकवलं होतं, लालभडक म्हणजे अंड्यावर. पण कडकनाथचा तुराच काळपट, त्यामुळे तिथे बोटांवरच भरवसा ठेवायचा.

आता खाणं. शेव आधी बंद. कोंबडीला इतकं मीठ सोसत नाही. खूप तहान, पातळ विष्ठा, जास्तच झालं तर लटपटून पडते. बिनशेवेचे पोहे मूठभर चालतील, पण नुसत्या ज्वारी-पोळीवर पिसं उगवत नाहीत. अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी जे खाद्य मिळतं, त्याला दुकानात लेयर मॅश म्हणतात, ते दर कोंबडीला रोज साधारण १०० ग्रॅम द्या. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, जिला हवा ती खाईल. पाणी सकाळ-संध्याकाळ बदलायचं.

बल्ब लावू का, असं पुढच्या पत्रात विचाराल. पिसं पुरती येईपर्यंत मी लावणार नाही. नंतर लावलाच तर पहाटे लावा, संध्याकाळी नको. संध्याकाळी एकदम विझला की त्यांना बसायची काठी सापडत नाही, रात्रभर खाली गारठ्यात बसतात. साधारण संक्रांतीनंतर दिवस वाढला की त्या आपसूक सुरू होतील.

मात्र एखादी मान वाकडी करून फिरत असेल, धाप लागली असेल, विष्ठा हिरवी असेल, तर हे सगळं विसरा. ती मानमोडी, म्हणजे राणीखेत हा साथीचा रोग, असू शकते. आजारी कोंबडी लगेच वेगळी करा आणि सरकारी पशू दवाखाना गाठा. या रोगाची लस निरोगी असताना द्यायची. पण एका कुपीत शंभर किंवा जास्त मात्रा असतात आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी फोडणं परवडत नाही. आसपासच्या पाळणाऱ्यांनी एकच दिवस ठरवावा.

प्रश्न: आमच्या कॉलनीत कोंबडा पहाटे चारपासून आरवतो, शेजारी वैतागलेत. तो काढला तर अंडी बंद होतील का?

उत्तर: नाही. अंडं द्यायला कोंबडा लागत नाही, पिल्लांसाठी लागतो. तो काढल्यावरही साधारण दोन आठवडे अंडी फळलेली निघू शकतात. पिल्लं हवी असतील तर ती अंडी गावठी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीखाली ठेवा. एकविसाव्या दिवसाच्या आसपास फुटतील.