फ्लॅटलँड, प्लॅन-एलिव्हेशन आणि शाडूचा मोदक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही फाइन आर्टला आहात, दहावीनंतर गणिताचं तोंड पाहिलेलं नाही, आणि १८८४ सालच्या 'फ्लॅटलँड' नावाच्या एका चिमुकल्या इंग्रजी पुस्तकावर लोक अजून चित्रं, फिल्मा आणि गोष्टी का करत बसलेत ते तुम्हाला कळत नाही. ते वाचावं का, हेही विचारलंय.

वाचा. दोन संध्याकाळींचं काम आहे आणि त्यातलं गणित सातवीच्या पुढे जात नाही.

मी चित्रकार नाही. आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे, दिवसभर प्लॅन, म्हणजे घराचे वरून दिसणारे नकाशे, काढतो. हे पुस्तक पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा मला ती बाणेरकडची एखादी स्कीम वाटली होती: फ्लॅटलँड, पझेशन लवकरच. त्यामुळे उत्तर थोडं आमच्या धंद्याच्या बाजूने येईल, ते चालवून घ्या.

गोष्ट सांगणारा एक चौरस आहे. त्याचं जग म्हणजे टेबलावर पसरलेला कागद. लांबी आहे, रुंदी आहे, उंची हा शब्दच नाही. शिपाई आणि मजूर म्हणजे टोकदार समद्विभुज त्रिकोण, मध्यमवर्ग समभुज त्रिकोण, शिकलेसवरलेले लोक चौरस किंवा पंचकोन, षटकोनापासून पुढे सरदार. बाजू इतक्या वाढल्या की मोजता येईनात, की झालं वर्तुळ, म्हणजे धर्मगुरू. बायका नुसत्या रेषा. सुईसारख्या टोकदार, म्हणून त्यांना घरात शिरायला वेगळं दार आणि चालताना सतत आवाज करत राहायचा कायदा. बापाला चार बाजू तर मुलाला पाच, असं पिढीगणिक वर सरकता येतं, पण ही सोय मजुरांना नाही. क्वचित एखाद्या समद्विभुजाच्या पोटी खरा समभुज जन्मला, तर त्याला आईबापांकडून काढून एखाद्या निपुत्रिक समभुजाला दत्तक देतात, आणि पुन्हा जुन्या घराचं तोंड पाहू देत नाहीत. इंग्रज वाचकाला हे व्हिक्टोरियन इंग्लंडमधल्या वर्गभेदाचं विडंबन वाटतं, आणि ते आहेच. मी ते पान वाचलं तेव्हा मात्र मला इंग्लंड आठवलं नाही. तुम्हालाही आठवणार नाही.

दुसऱ्या भागात, १९९९ सालच्या शेवटच्या रात्री, चौरसाच्या बंद घरात एक गोल येतो. गोल म्हणजे चेंडू, वर्तुळ नव्हे. आधी ठिपका, मग वाढत जाणारं वर्तुळ, मग पुन्हा लहान होत गायब. चौरसाचा विश्वास बसत नाही. तेव्हा गोल कुलूपबंद कपाटातली वही कपाट न उघडता काढून दाखवतो, मग चौरसाच्या पोटाला आतून हात लावतो, आणि शेवटी वैतागून त्याला उचलून वरच नेतो. चौरस पहिल्यांदा आपलं घर वरून बघतो: पंचकोनी भिंती, खोल्यांत झोपलेली चार मुलं, दोन नातू, सगळं एकदम उघडं. आमच्या भाषेत सांगायचं तर त्याने आयुष्यात पहिल्यांदा प्लॅन बघितला. माझी तिथे वाचता वाचता चांगलीच करमणूक झाली, कारण मी रोज लोकांच्या बंद कपाटांच्या आत रेघा मारतो आणि त्यात काही चमत्कार आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग चौरस विचारतो, महाराज, आता चौथ्या मितीत न्या. आणि गोल भडकतो. असलं काही नसतं म्हणतो. कालपर्यंत हा शहाणा चौरसाला कोत्या बुद्धीचा म्हणत होता! पुढे चौरस तुरुंगात जातो आणि सात वर्षांनी आतून हे पुस्तक लिहितो.

खरा लेखक एडविन अ‍ॅबट अ‍ॅबट, लंडनच्या एका शाळेचा मुख्याध्यापक आणि पाद्री. आई-वडील चुलत भावंडं, म्हणून आडनाव दोनदा. पुस्तक त्याने 'ए स्क्वेअर' या टोपणनावाने काढलं. अ‍ॅबट गुणिले अ‍ॅबट म्हणजे 'ए'चा वर्ग, असा विनोद त्यात असावा असा लोकांचा तर्क आहे. आतली आकृत्यांची चित्रंही त्यानेच काढली. त्याच्या हयातीत तो शेक्सपिअरच्या व्याकरणासाठी आणि धर्मशास्त्रावरच्या लिखाणासाठी ओळखला जायचा. या पुस्तकाकडे पुन्हा लक्ष गेलं ते आइन्स्टाइनमुळे: १९२० साली 'नेचर'मध्ये एक पत्र छापून आलं, की मितींबद्दल हा माणूस आधीच लिहून बसलाय.

आता तुमचा मूळ प्रश्न, चित्रकारांना यात काय मिळतं. माझं मत असं, की पुस्तक तुम्हाला दृश्य देत नाही, बघण्याचा एक कडक नियम देतं, आणि त्या नियमाने बघितलं की चित्र काढणं जवळजवळ अशक्य होऊन बसतं. सुरुवातीलाच अ‍ॅबट एक प्रयोग करायला लावतो. टेबलावर नाणं ठेवा. वरून बघा, वर्तुळ दिसेल. आता हळूहळू डोळा खाली आणा. नाणं लंबगोल होतं, आणखी चपटं होतं, आणि डोळा टेबलाच्या कडेला टेकला की नुसती रेघ. दहाचं नाणं घेऊन आत्ता करून बघा, मी थांबतो.

त्या जगात सगळ्यांना सगळे असेच दिसतात, रेघ म्हणून. मग समोर त्रिकोण आलाय की धर्मगुरू, हे ओळखायचं कसं? गरिबांत हाताने चाचपून. वरच्या वर्गात धुक्याच्या मदतीने. तिथे धुकं असतं म्हणून जवळचा भाग उजळ आणि लांबचा अंधुक दिसतो. टोकदार त्रिकोण कोपरा पुढे करून समोर आला, तर मध्ये उजळ आणि दोन्हीकडे झपकन अंधार. पंचकोन असेल तर उजेड सावकाश विझतो. म्हणजे छायाप्रकाश! तुम्ही पहिल्या वर्षी पेन्सिलने घनाला आणि गोलाला शेडिंग करता ना, तेच तिथे माणसाची पत ओळखायचं शास्त्र आहे. आणि ते शिकायला वेळ आणि पैसा लागतो, त्यामुळे तेही मोठ्या घरच्यांपुरतंच.

याहून मोठी गोष्ट रंगांची. एकेकाळी तिथे एका पंचकोनाने रंग शोधला आणि अंगाला लावला. बघता बघता सगळे रंगले. चाचपणं नको, धुकं नको, बघितलं की कळतं कोण आहे. मग मागणी आली, की बायकांना आणि धर्मगुरूंनाही सारखेच रंग लावा, पुढचं अर्धं अंग लाल, मागचं हिरवं. म्हणजे एका बाजूने बघितलं तर बाई कोण आणि वर्तुळ कोण हे कळायची सोयच उरणार नाही. हे धर्मगुरूंना कसं परवडणार? फंदफितुरी झाली, कत्तल झाली, रंगावर बंदी आली. सामान्य माणसाने 'रंग' हा शब्द उच्चारणंसुद्धा गुन्हा. या कहाणीचा नायक कोण असेल तर तो रंगाऱ्याचा डबा आहे. गणितवाले ही पानं भराभर उलटतात असा माझा अनुभव आहे. तुम्ही उलटू नका.

आता गंमत बघा. २००७ साली या पुस्तकावर एकाच वर्षी दोन वेगवेगळ्या अ‍ॅनिमेशन फिल्म आल्या. एकीत चौरसाला अभिनेता मार्टिन शीनचा आवाज आहे. दोन्हींत पात्रं आपल्याला वरून दिसतात, आणि रंगीत दिसतात. इंटरनेटवर या पात्रांची जी चाहत्यांची चित्रं फिरतात त्यांतही तेच: निळा चौरस, लाल त्रिकोण, डोळे, कधी हातपाय. त्या जगाच्या कायद्याने बघितलं तर ही सगळी मंडळी तुरुंगात जायच्या लायकीची. मला त्यात वावगं वाटत नाही. चौरस स्वतः वर जाऊन आल्यावरच लिहितोय, तेव्हा वरून काढलेलं चित्र त्याच्या तोंडी शोभतं. फक्त आपण गोलाच्या डोळ्यांनी बघतोय, याचा काढणाऱ्याला विसर पडू नये.

चाहत्यांचा दुसरा पंथ म्हणजे 'पण हे चालेल कसं' विचारणारे. हा माझा आवडता. चौथ्या मितीतल्या घनाला 'टेसरॅक्ट' हे नाव देणारा चार्ल्स हिंटन, त्याने १९०७ साली अशीच सपाट जगावरची स्वतःची कादंबरी लिहिली. त्यात प्राणी कागदावर घसरत नाहीत, एका चकतीच्या कडेवर उभे राहून चालतात. १९८४ साली कॅनडाच्या ए. के. ड्यूडनी यांनी त्याच धर्तीवर आख्खा ग्रह रचला, त्याची यंत्रं, घरं, प्राण्यांची शरीरं यांसकट. सपाट प्राण्याची मोठी अडचण माहीत आहे का? तोंडापासून शेपटीपर्यंत आरपार अन्ननलिका ठेवली की त्याचे दोन तुकडे होतात. हॉकिंगच्या काळाच्या इतिहासावरच्या प्रसिद्ध पुस्तकात असा दुभंगलेला कुत्रा चित्रासकट आहे. बाकी डच भाषेत १९५७ साली निघालेला उत्तरभाग, इयन स्टुअर्ट यांनी २००१ साली लिहिलेला आधुनिक उत्तरभाग, कार्ल सेगनने १९८० च्या 'कॉसमॉस' या टीव्ही मालिकेत सफरचंद घेऊन समजावलेलं सपाट जग, हे सगळं सवडीने बघा. आणि 'ग्रॅव्हिटी फॉल्स' ही कार्टून मालिका बघितली असेल तर त्यातला एकडोळ्या त्रिकोण बिल सायफर, तोही सपाट जगातूनच निसटलेला.

दालीचं १९५४ सालचं आठ घनांच्या क्रुसावरचं चित्र लोक या यादीत घालतात. ते या पुस्तकावरून काढलेलं नाही, ते उलगडलेल्या टेसरॅक्टवर आहे. नातं आहे, पण चुलत.

मला सगळ्यात हेवा वाटतो तो सॅन फ्रान्सिस्कोच्या एरियन प्रेसच्या १९८० सालच्या आवृत्तीचा. प्रस्तावना विज्ञानकथाकार रे ब्रॅडबरीची, प्रती २७५. पानं शिवलेली नाहीत, पंख्यासारखी घड्या घातलेली आहेत, म्हणजे पुस्तक मिटलं की त्रिमित आणि उलगडलं की एक लांबच लांब सपाट पट्टी. फोटोच बघितलेत. हातात यायची शक्यता शून्य.

एक सूचना. बायकांबद्दलचा मजकूर वाचताना दात-ओठ खाल. अ‍ॅबट स्वतः मुलींच्या शिक्षणाच्या बाजूचा होता आणि त्या समाजाची टर उडवतोय, हे खरं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने प्रस्तावना जोडून चौरसाचं मत बदलल्याचंही सांगितलं. तरी काही ठिकाणी टर कुठे संपते ते कळत नाही.

आता माझा उद्योग. गेल्या गणपतीत घरी थोडी शाडू उरली होती. तिचा मी एक मोदक केला, कळ्या नीट पाडून, आणि किंचित सुकल्यावर शिवणाच्या दोऱ्याने आडव्या चकत्या कापल्या. चौदा निघाल्या. प्रत्येक चकती ट्रेसिंग पेपरवर ठेवून भोवतीने पेन्सिल फिरवली. पहिल्या कागदावर ठिपका. मग बारीक चांदणी. मग चांदणीचं फूल होतं, कळ्या रुंदावत जातात, पुढे कळ्या मावळून साधं वर्तुळ उरतं, आणि चौदाव्यानंतर एकदम काहीच नाही. कागद एकावर एक ठेवून अंगठ्याने फर्रकन सोडले की फ्लॅटलँडमधून मोदक जाताना दिसतो. मी खूश. ऑफिसात नेऊन सगळ्यांना दाखवलं.

आमच्याकडे एक काका आहेत, टी-स्क्वेअर आणि रोटरिंग पेनच्या काळापासूनचे. त्यांनी कागद चाळले, गोष्ट ऐकून घेतली आणि म्हणाले, "अरे, पण हा तर प्लॅन झाला. तुझ्या त्या चौरसाला एलिव्हेशन दिसणार. ते कुठाय?"

एलिव्हेशन म्हणजे समोरून, कडेने दिसतं ते. बरोबर होतं. इतकं सगळं वाचून मीही गोलाच्याच डोळ्यांनी काढत बसलो होतो. मग आठवडाभर संध्याकाळी थांबून मी चौदा पट्ट्या काढल्या. प्रत्येक पट्टी दोन मिलिमीटर जाड, कारण शेडिंगला तेवढी जागा लागते. टू-बी पेन्सिल, जवळचं उजळ, लांबचं गडद. पहिली पट्टी म्हणजे टिंब. पाचवी-सहावीत कळ्यांची टोकं उजळ आणि मधल्या खाचा काळ्या, अशी एकाआड एक. शेवटच्या दोन-तीनमध्ये मध्ये उजेड आणि कडांकडे सावकाश विझत जाणारा करडा. चौदा रेघा एकाखाली एक लावून फ्रेम केली आणि टेबलामागे टांगली. फुलाचा पत्ता नाही, मोदकाचा तर नाहीच, पण चौरसाला दिसलं असतं ते एवढंच.

पुस्तकाचे हक्क कधीच संपलेत, मूळ इंग्रजी मजकूर चित्रांसकट प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे, तेव्हा तुम्ही त्यावर काहीही करायला मोकळे आहात. काही काढलंत तर दाखवा. माझी फ्रेम बघून मागच्या महिन्यात एका क्लायंटने विचारलं, हा बारकोड कशाचा आहे आणि स्कॅन का होत नाही.